समुद्र ‘हो’ म्हणेल तेव्हाच!

दोस्तांनो, अशी कल्पना करा की क्रिकेटचा मोठा सामना आहे. हजारो प्रेक्षक आदल्या रात्रीपासून येऊन बसलेत. खेळाडू तयार, पंच तयार, टीव्हीचे कॅमेरेही तयार. आणि सकाळी एक आजोबा मैदानाकडे नीट बघतात आणि सांगतात, ‘‘आज सामना नाही. घरी जा!’’

काय कराल? आरडाओरडा कराल ना?

१० फेब्रुवारी २०१६ रोजी अगदी असंच घडलं. मैदान मात्र क्रिकेटचं नव्हतं, ते होतं समुद्राचं! जागा होती पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांपैकी ओआहू बेटावरची, वायमिया नावाची खाडी. लोकांनी रात्रीच डोंगरउतारावर आणि वाळूत पथाऱ्या टाकल्या होत्या. रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. आणि स्पर्धेचे संचालक जॉर्ज डाउनिंग, वय वर्षे ८५, यांनी सकाळी समुद्र पाहून निर्णय दिला, की लाटा पुरेशा मोठ्या नाहीत. स्पर्धा रद्द!

गंमत म्हणजे त्या दिवशीच्या लाटा पाहून तुमची-आमची बोबडीच वळली असती. पण डाउनिंग आजोबांना त्या लहान वाटल्या. ही स्पर्धा आहे तरी कसली? आणि तिच्यासाठी लाट एवढी मोठी का लागते? चला, आज ओआहूच्या किनाऱ्यावर फिरून येऊ.

अकरा किलोमीटरचा चमत्कार

ओआहू म्हणजे होनोलुलू शहर ज्या बेटावर आहे ते बेट. त्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्याला ‘नॉर्थ शोअर’ म्हणतात. एका बाजूला हिरवेगार डोंगर, नारळाची झाडं, पिवळी वाळू आणि समोर निळाशार समुद्र. फोटो पाहिला तर एखाद्याला आपलं कोकणच आठवेल. इथे हालेइवा गावापासून सनसेट बीचपर्यंत जेमतेम अकरा किलोमीटरचा पट्टा आहे. पण लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांसाठी, म्हणजे सर्फिंग करणाऱ्यांसाठी, ही जगाची पंढरी! दर हिवाळ्यात जगभरचे सर्फर इथे येतात.

उन्हाळ्यात याल तर मात्र फसाल. जून-जुलैमध्ये वायमियाची खाडी तळ्यासारखी शांत असते. पोरंसोरं एका मोठ्या खडकावरून धपाधप पाण्यात उड्या मारत असतात. हाच का तो भयंकर समुद्र, असं वाटेल. पण नोव्हेंबर उजाडला की त्याचं रूप पालटतं. डिसेंबर ते फेब्रुवारीत चार-चार मजली इमारतीएवढ्या लाटा इथे कोसळतात आणि किनाऱ्यावरची जमीन पायाखाली हादरते!

आपल्याकडे बरोबर उलटं असतं, नाही का? आपला अरबी समुद्र खवळतो पावसाळ्यात. म्हणून तर कोळीबांधव तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करतात. डिसेंबरात आपला समुद्र शहाण्या मुलासारखा वागतो. मग हवाईचा समुद्र त्याच वेळी का पिसाळतो?

लाट येते कुठून?

याचं उत्तर हवाईत नाही. ते आहे तिथून हजारो किलोमीटर दूर, उत्तरेला!

हिवाळ्यात जपानपासून अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांपर्यंतच्या समुद्रावर एकामागून एक प्रचंड वादळं होतात. वादळी वारा पाण्यावर घासत जातो आणि पाण्याला आपली ताकद देत जातो. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टींवर ठरतं. वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला, आणि किती लांबवर, न अडखळता, एकाच दिशेने वाहिला. तिन्ही गोष्टी जुळून आल्या की झालं!

वादळात समुद्र नुसता घुसळून निघालेला असतो. लहान-मोठ्या लाटा एकमेकींवर आदळत असतात. पण तिथून निघाल्या की त्यांची शर्यत लागते. लांब लाटा वेगाने पुढे जातात, आखूड लाटा मागे पडतात आणि वाटेतच विरतात. त्यामुळे हवाईपर्यंत पोचतात त्या निवडक, शिस्तीत, सैनिकांच्या रांगांसारख्या चालत येणाऱ्या लाटा. एक लाट गेल्यावर दुसरी यायला चांगले पंधरा ते वीस सेकंद लागतात. वीस सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल समुद्रातून ताशी सुमारे ५५ किलोमीटर वेगाने प्रवास करतो. म्हणजे आपल्या एस.टी.च्या लाल डब्याएवढा वेग! तीन हजार किलोमीटर यायला त्याला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो.

आता एक कोडं. लाट तीन हजार किलोमीटर आली म्हणजे अलास्काजवळचं पाणी हवाईला आलं का?

मुळीच नाही! पाणी जागच्या जागीच राहतं. प्रवास करते ती ऊर्जा. खोटं वाटतं? मग घरातली मोठी परात किंवा टब पाण्याने भरा. मध्ये एक तुळशीचं पान टाका. आता एका कडेला बोटाने हळूच टकटक करा. लाटा पानाखालून पलीकडे निघून जातील, पण पान मात्र तिथल्या तिथेच वर-खाली डुलत राहील. खोल समुद्रातल्या नावेचंही असंच होतं. खाली केवढी मोठी लाट जाते आहे, हे नावाड्याला कित्येकदा कळतही नाही.

तळाला पाय लागला की...

लाट फुटते ती किनाऱ्याजवळ आल्यावर. का बरं?

वीस सेकंदांच्या लाटेची लांबी, म्हणजे एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर, खोल समुद्रात सहाशे मीटरच्या आसपास असतं. पाण्याची खोली याच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेचे ‘पाय’ तळाला लागतात. मग तिचा वेग कमी होतो. पण मागून येणारी लाट अजून वेगातच असते. गर्दीच्या जिन्यावर पुढचा मुलगा थांबला आणि मागचे येतच राहिले तर काय होतं? चेंगराचेंगरी! लाटांचंही तसंच. त्या एकमेकींजवळ येतात, आणि दबलेल्या ऊर्जेला वर चढण्याखेरीज वाट उरत नाही. लाट उंच उंच होते. शेवटी खालचा भाग अडखळतो, वरचा भाग पुढे धावतो आणि धडाम! लाट कोसळते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट ते दीडपट उरली की ही वेळ येते.

आता हवाईचं वैशिष्ट्य बघा. भूगोलाच्या पुस्तकात ‘समुद्रबूड जमीन’ वाचली आहे ना? मुंबईसमोर ही उथळ जमीन समुद्रात शेकडो किलोमीटर आत गेलेली आहे. अशा उथळ पाण्यावरून येताना मोठ्या लाटांची बरीचशी ताकद तळाशी घासून खर्च होते. हवाई बेटं मात्र ज्वालामुखीची. खोल समुद्राच्या तळापासून ती एकदम सरळ वर आलेली. त्यामुळे वादळाकडून निघालेली लाट कुठेही न अडता, जशीच्या तशी, बेटाच्या उंबरठ्यावर येऊन आदळते.

तळाचा आकार जसा, तशी लाट. तळ हळूहळू चढत असेल तर लाट मऊपणे, फेसाळत फुटते. तळ एकदम वर आला असेल तर ती पुढे झेपावते आणि तिच्या पोटात बोगदा तयार होतो. वायमियापासून जवळच ‘पाइपलाइन’ नावाची जागा आहे. तिथे उथळ खडकावर अशी पोकळ लाट फुटते आणि सर्फर त्या पाण्याच्या नळीतून सुळ्ळकन बाहेर येतो. खाली पाणी थोडं आणि खडक धारदार! त्यामुळे पाइपलाइन जितकी देखणी तितकीच धोक्याची.

वायमियाची तऱ्हा निराळी. बाकीच्या ठिकाणी लाटा इतक्या मोठ्या होतात की नुसता फेस आणि गोंधळ माजतो, तेव्हा कुठे वायमियाची ती प्रसिद्ध लाट जागी होते. म्हणजे जिथे इतरांचं संपतं, तिथे हिचं सुरू!

वायमियाची भीती

एकेकाळी वायमियाला सर्फर चळाचळा कापत. १९४३ सालच्या डिसेंबरात वूडी ब्राउन आणि डिकी क्रॉस हे दोघे सनसेट बीचवर सर्फिंग करत होते. लाटा एकाएकी वाढल्या आणि परतीची वाट बंद झाली. वायमियाच्या खाडीत पाणी खोल आहे, तिथून बाहेर पडता येईल, या आशेने दोघे फळीवर पोटावर पडून हातांनी पाणी मारत तिथवर आले. पण तिथेही लाटांनी वाट अडवली. वूडी ब्राउन कसाबसा जिवंत किनाऱ्याला लागला. डिकी क्रॉस परत आला नाही.

त्यानंतर १९५७ पर्यंत त्या लाटांच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही. त्या वर्षी ग्रेग नोल आणि त्याच्या मित्रांनी धाडस केलं, आणि वायमियावरही स्वार होता येतं हे सिद्ध झालं.

पण वायमियाचा खरा राजा यायचा होता.

एडी नावाचा जीवरक्षक

एडी आयकाऊचा जन्म १९४६ सालचा, माउई बेटावरचा. अस्सल हवाईयन कुटुंब. १९५९ मध्ये ते ओआहूला आले. एडीने शाळा सोडली आणि अननस डबाबंद करण्याच्या कारखान्यात काम धरलं. त्या पगारातून त्याने आपली पहिली फळी घेतली. १९६७ साली वायमियाच्या प्रचंड लाटांवर त्याला पाहून भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली.

१९६८ मध्ये होनोलुलूच्या प्रशासनाने त्याला नॉर्थ शोअरवर जीवरक्षक म्हणून नेमलं. वायमियाचा तो पहिला जीवरक्षक. आज जीवरक्षकांकडे पाण्यावरच्या वेगवान स्कूटर असतात. तेव्हा एडीकडे काय होतं? एक फळी, पायात घालायचे पोहण्याचे पंख आणि स्वतःचे दोन हात!

लाटा वीस फुटी असोत की तीस, कुणी बुडताना दिसलं की एडी जाणार म्हणजे जाणार. असं सांगतात, की त्याने पाचशेहून अधिक लोकांचे प्राण वाचवले आणि तो पहाऱ्यावर असताना वायमियात एकही माणूस दगावला नाही. १९७७ साली त्याने ड्यूक कहानामोकू यांच्या नावाची मानाची सर्फिंग स्पर्धाही जिंकली. (हे ड्यूक म्हणजे आधुनिक सर्फिंगचे जनक. १९१२ आणि १९२० अशा दोन ऑलिंपिकमध्ये १०० मीटर पोहण्याचं सुवर्णपदक जिंकणारे वीर! सर्फिंगही ऑलिंपिकमध्ये यावं ही त्यांची इच्छा होती. ती पुरी व्हायला शंभर वर्षं लागली. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, सर्फिंग पहिल्यांदा खेळलं गेलं.)

मार्च १९७८. हवाईच्या लोकांनी पूर्वजांच्या पद्धतीची एक जोडनाव बांधली होती. तिचं नाव होकुलेआ. होकायंत्राशिवाय, फक्त तारे, वारा आणि लाटा ओळखून तिने १९७६ मध्ये ताहिती बेट गाठलं होतं. आता दुसरी सफर होती आणि सोळा जणांत एडीही होता.

१६ मार्चला नाव निघाली. समुद्र खवळलेला होता. काही तासांतच मोलोकाई बेटाजवळ एका बाजूच्या नावेत पाणी शिरलं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला होकुलेआ उलटली. सगळे रात्रभर उलट्या नावेला धरून लटकत राहिले. सकाळ झाली तरी मदत दिसेना. विमानं वरून जात, पण कुणाचं लक्ष जाईना. सगळे थंडीने गारठले होते.

एडी म्हणाला, मी फळीवरून लानाई बेटावर जातो आणि मदत आणतो. लांबवर ते बेट होतं. त्याच्यासाठी ते नेहमीचंच काम होतं, कुणीतरी बुडतंय म्हणून जायचं! थोडं पुढे गेल्यावर हात मारायला अडचण होते म्हणून त्याने अंगातलं जीवरक्षक जाकीटही काढून टाकलं. सोबत्यांनी त्याला लाटांवर चढताना-उतरताना पाहिलं, मग तो दिसेनासा झाला.

त्याच दिवशी संध्याकाळी एका विमानाला नावेवरचा प्रकाशबाण दिसला आणि बाकीच्या पंधरा जणांची सुटका झाली. एडीचा मात्र पत्ता लागला नाही. विमानांनी, जहाजांनी कितीतरी दिवस शोध घेतला. पाचशे लोकांना समुद्रातून परत आणणारा एडी स्वतः परत आला नाही. तो अवघा ३१ वर्षांचा होता.

चाळीस वर्षांत अकरा वेळा!

एडीच्या आठवणीसाठी सुरू झालेली स्पर्धा म्हणजेच ‘द एडी’. पहिली स्पर्धा १९८४ च्या हंगामात सनसेट बीचवर झाली. पुढे ती एडीच्या वायमियाला आली, आणि १९८६ ची स्पर्धा कुणी जिंकली असेल? एडीचा सख्खा धाकटा भाऊ क्लाइड आयकाऊ याने!

त्याच दिवसाची एक गोष्ट सांगतात. लाटा इतक्या भयानक होत्या की स्पर्धा घ्यावी की नाही, यावर चर्चा चालू होती. मार्क फू नावाचा सर्फर समुद्राकडे बघून म्हणाला, ‘‘एडी असता तर गेला असता!’’ बस्स! चर्चा संपली. आज हे वाक्य हवाईत गाड्यांवर, सदऱ्यांवर, सगळीकडे दिसतं.

या स्पर्धेचा नियम मोठा कडक आहे. खुल्या समुद्रातून येणारी लाट किमान वीस फुटांची हवी. हवाईचे लोक लाट मोजतात ती त्यांच्या पद्धतीने, म्हणजे साधारण पाठीमागून. समोरून पाहिलं तर तीच लाट दुप्पट, म्हणजे चाळीस फुटांची भिंत दिसते! शिवाय अशा लाटा दिवसभर, उजेड असेपर्यंत यायला हव्यात. वाऱ्याची दिशाही बरी हवी. किनाऱ्याकडून समुद्राकडे हलका वारा असेल तर तो लाटेचा उभा चेहरा सावरून धरतो. समुद्राकडून आला तर लाट विस्कटते.

एवढं सगळं जुळणार कधी? म्हणून दर डिसेंबरात खेळाडू वायमियात जमतात, फळ्यांवरून पाण्यात जाऊन मोठं रिंगण करतात, एडीची आठवण काढतात आणि मग... वाट बघत बसतात. बहुतेक वर्षी ती नुसती वाटच ठरते! १९८४ पासून २०२४ पर्यंत ही स्पर्धा फक्त अकरा वेळा झाली. २००९ नंतर पुढची स्पर्धा झाली थेट २०१६ मध्ये आणि त्यानंतरची २०२३ मध्ये.

निर्णयाला मदत होते ती समुद्रात तरंगणाऱ्या यंत्रांची. त्यांना ‘बॉय’ म्हणतात. काऊआई बेटाच्या वायव्येला दूर समुद्रात असा एक बॉय आहे. लाट त्याच्याखालून गेली की तिची उंची आणि दोन लाटांमधला वेळ लगेच कळतो. तीच लाट काही तासांनी नॉर्थ शोअरला पोचणार! पण शेवटचा शब्द डाउनिंग यांच्या डोळ्यांचा असे. ते म्हणत, दिवस खाडीच ठरवते. कुणाच्या सोयीसाठी, पैशासाठी, टीव्हीसाठी त्यांनी कधी लाट मोठी म्हटली नाही.

मग त्या रद्द झालेल्या स्पर्धेचं काय झालं? पंधराच दिवसांनी, २५ फेब्रुवारी २०१६ ला, खाडीने खरंच बोलावलं! वायमियात राक्षसी लाटा आल्या. नॉर्थ शोअरवरच लहानाचा मोठा झालेला जॉन जॉन फ्लोरेन्स जिंकला. आणि लाटांवर आणखी कोण होतं ठाऊक आहे? ६६ वर्षांचा क्लाइड आयकाऊ!

ड्युटीवरचा विजेता

पण मला सगळ्यांत आवडते ती २२ जानेवारी २०२३ ची गोष्ट. त्या वर्षी या स्पर्धेत पहिल्यांदाच स्त्रियाही उतरल्या. आणि जिंकलं कोण? ल्यूक शेपर्डसन नावाचा तरुण. तो कोण होता माहीत आहे? वायमियाचा जीवरक्षक! आणि त्या दिवशी तो सुट्टीवर नव्हता, चक्क ड्युटीवर होता!

आपली पाळी आली की तो मधल्या सुटीत फळी घेऊन पाण्यात जाई, चाळीस फुटी लाटांवरून उतरे आणि परत आपल्या टेहळणीच्या मनोऱ्यावर येऊन उभा राही. जगातले नामांकित सर्फर त्याने मागे टाकले. त्याला मुलाखतीला बोलावलं तेव्हाही त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती, दिवस संपेपर्यंत मनोऱ्यावर परत जायला हवं, सगळे सुखरूप आहेत की नाही हे बघायला हवं!

एडीच्या नावाच्या स्पर्धेला याहून शोभेल असा विजेता कुठे मिळणार?

आणि आता तुमच्यासाठी

दोस्तांनो, ‘एडी असता तर गेला असता’ हे वाक्य वाचून कुणी छाती फुगवून पावसाळ्यात समुद्रात शिरायला निघाला असेल तर थांबा! एडी जायचा तो समुद्र ओळखून. हवाईचे जीवरक्षकच सांगतात, की मनात जराशीही शंका असेल तर पाण्यात जाऊ नका. सहलीला गेलेली मुलं समुद्रात ओढली गेल्याच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. म्हणून कोकणात गेलात की एवढं लक्षात ठेवा:

• आधी काही वेळ काठावर उभे राहून समुद्र बघा. मोठ्या लाटा गटागटाने येतात. पाच मिनिटं शांत दिसलेला समुद्र सहाव्या मिनिटाला दगा देऊ शकतो.
• समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. फोटोसाठी तर नाहीच नाही!
• किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच. ते जोराच्या प्रवाहाने आत जातं. त्यात सापडलात तर सरळ किनाऱ्याकडे झुंजू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा आणि प्रवाहातून बाहेर पडल्यावर मगच काठाकडे वळा. पोहता येत नसेल किंवा दमलात तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.
• जीवरक्षकाने शिट्टी वाजवली किंवा गावातल्या माणसाने ‘जाऊ नका’ म्हटलं, की वाद न घालता मागे फिरा.

पंच्याऐंशी वर्षांचे डाउनिंग आजोबा आयुष्यभर समुद्रात वावरले, तरी रोज त्याला विचारूनच निर्णय घेत. मग आपण कोण मोठे लागून गेलो?